हाताच्या अंतरावर

पोलादपूर तालुक्यात कुणाशीही आजारपणाबद्दल बोलायला बसा, दुसऱ्या वाक्याला रस्ता येतो. गाडी कोणत्या वाडीपर्यंत जाते, तिथून पुढे डोली करावी लागते का, आंबेनळी घाटात दरड आली होती तेव्हा कुणाचे कसे हाल झाले. महाडकडेही तेच, फक्त तिथे रस्त्याच्या जोडीला सावित्री येते. २ ऑगस्ट २०१६च्या रात्री याच नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात वाहून गेला आणि त्याच्याबरोबर एसटीच्या दोन गाड्या गेल्या. २२ जुलै २०२१ला महाड शहर पाण्यात होतं आणि त्याच दिवशी तळिये गावावर डोंगर आला. एवढं पाहिलेल्या माणसांनी आरोग्य म्हणजे पोचणं असा अर्थ लावला तर त्यांचं काय चुकलं? ‘वेळेत पोचला म्हणून वाचला’ आणि ‘वेळेत पोचता आलं नाही’, इकडच्या बहुतेक दुखण्यांच्या कथा या दोनपैकी एका वाक्यावर संपतात.

ही पुस्तिका ज्या दुखण्याबद्दल आहे, त्याला हा हिशोब लागू पडत नाही. बाळ जन्मतं आणि श्वास घेत नाही. त्या क्षणापासून हातात साधारण एक मिनिट असतं. एका मिनिटात रुग्णवाहिका दवाखान्याच्या फाटकाबाहेरही पडत नाही. १०८ला फोन लावून पत्ता सांगायलाच त्याहून जास्त वेळ जातो. पोलादपूरहून महाड वीसेक किलोमीटर, महाडहून अलिबागचं जिल्हा रुग्णालय शंभराच्या आसपास. उद्या हे सगळे रस्ते चौपदरी झाले, एकही दरड पडली नाही, तरी या बाळाच्या बाबतीत काही बदलणार नाही. बाळंतीण अडली असेल तर रस्ता जरूर कामाला येतो, पण तो बाळ बाहेर येण्यापूर्वी. डोकं बाहेर आलं की रस्ता संपला. मग उपयोग फक्त त्या खोलीत आधीपासून असलेल्या वस्तूंचा आणि त्या खोलीत उभ्या असलेल्या माणसांचा.

मी डॉक्टर नाही. पुस्तिका ज्यांनी लिहिली आहे ते आहेत. मला प्रस्तावना लिहायला सांगितली ती बहुधा एवढ्याचसाठी, की प्रसूती कक्षाच्या बंद दाराबाहेर बाकावर बसणाऱ्यांपैकी मी आहे. त्या बाकावर एकच प्रश्न असतो. दार किलकिलं झालं की आजी विचारते, ‘‘सिस्टर, रडलं का ओ?’’ मुलगा की मुलगी हे त्यानंतर. मराठीत ‘बाळ श्वास घेतंय का’ असं विचारण्याची पद्धत नाही. रडणं म्हणजेच जगणं असं आपण धरून चाललेलो आहोत आणि ते बऱ्याच अंशी बरोबरही आहे, कारण रडायला हवा लागते. पण न रडणारी सगळी बाळं संकटात नसतात. काही नुसतीच डोळे उघडून शांत श्वास घेत पडलेली असतात. उलट एखादं बाळ मधूनमधून आचके देतं, घरचे म्हणतात, ‘‘घेतंय की श्वास!’’ आणि तो श्वास नसतोच. पुस्तिकेचं पहिलं प्रकरण छाती कशी पाहायची यावर खर्च केलं आहे ते त्यासाठी.

दुसरा एक शब्दप्रयोग बाकावर हमखास ऐकू येतो : ‘बाळ पोटात पाणी प्यालं.’ बाळ का दगावलं याचं हे उत्तर पिढ्यानपिढ्या दिलं गेलं आहे. कधी त्याचा अर्थ असतो की बाळाने आत शी केली आणि गर्भजल हिरवट झालं. कधी काहीच ठाऊक नसतं, पण काहीतरी सांगायला हवं म्हणून ते सांगितलं जातं. मला हे वाक्य खटकतं, कारण ते ऐकल्यावर पुढचे प्रश्न बंद होतात. वस्तुस्थिती अशी की जन्मेपर्यंत प्रत्येकच बाळाच्या फुप्फुसात पाणी असतं. ते बाहेरून प्यालेलं नसतं, फुप्फुसंच ते तयार करतात. पोटात असताना प्राणवायू नाळेतून येतो, त्यामुळे फुप्फुसांकडे रक्तही फारसं फिरकत नाही. हृदयातल्या आणि हृदयाबाहेरच्या दोन आडवाटांनी ते परस्पर पुढे जातं.

आणि मग काही सेकंदांत हा सगळा संसार बदलावा लागतो. पहिल्या काही श्वासांच्या जोरावर पाणी वायुकोशांतून मागे सरकतं, आजूबाजूच्या पेशीजालात शोषलं जातं, त्या जागी हवा येते. हवा येताच फुप्फुसातल्या आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल होतात, रक्त तिकडे धावतं, आडवाटा बंद व्हायला लागतात. सगळ्यात अवघड असतो तो पहिला श्वास. कोकणातल्या घरांत पावसाळाभर फुगून बसलेली लाकडी खिडकी गणपतीच्या आधी पहिल्यांदा उघडताना जो जोर लागतो, तसा. एकदा उघडली की पुढे ती बोटानेही हलते. वायुकोश पुन्हा मिटू नयेत म्हणून त्यांना आतून एक निसरडा लेप असतो. दिवस न भरलेल्या बाळात तो पुरेसा तयार झालेला नसतो, म्हणून त्याला दर श्वासाला पुन्हा तीच खिडकी उघडावी लागते.

शंभर बाळांपैकी पंच्याऐंशीच्या आसपास हे सगळं आपलं आपण करतात. आणखी दहाएक बाळांना कोरडं पुसणं, पाठीवर हळुवार चोळणं एवढं पुरतं. उरलेल्या पाचेक बाळांना बाहेरून हवा द्यावी लागते. घशात नळी, छातीवर दाब, औषधं असले मोठे उपाय लागणारी बाळं त्यातही फार थोडी, शंभरात एखादं किंवा त्याहून कमी.

त्या मधल्या दहा बाळांचा आणि शेवटच्या पाचांचा फरक समजून घेणं हा या विषयाचा गाभा आहे. प्राणवायू कमी पडला की बाळ आधी जोरजोरात श्वास घेण्याची धडपड करतं आणि मग थांबतं. हा पहिला थांबा. या टप्प्यात पुसलं, चोळलं, तळपायाला टिचकी मारली की ते पुन्हा सुरू होतं. तसंच राहिलं तर काही आचके देऊन पुन्हा थांबतं. हा दुसरा थांबा, आणि इथे कितीही चोळा, बाळ स्वतःहून श्वास घेणार नाही. बाहेरून हवा गेली तरच. पोटात असतानाही बाळ पहिला थांबा ओलांडून दुसऱ्यापर्यंत पोचलेलं असू शकतं, त्यामुळे समोर निपचित पडलेलं बाळ कोणत्या थांब्यावर आहे हे पाहून कळत नाही. कळण्याचा एकच मार्ग : थोडं चोळा, नाही जमलं तर वेळ न घालवता हवा द्या.

आता जुन्या सुइणींकडे वळू. न रडलेल्या बाळाच्या कानाशी पितळी ताट वाजवायचं, पाय धरून उलटं टांगून पाठीवर चापट्या मारायच्या, तोंडावर गार पाण्याचा हबका मारायचा, नाकाशी कांदा फोडून धरायचा, कानात फुंकर घालायची असे उपाय महाराष्ट्रभर होते. शिकलेली माणसं त्यांना हसतात. मला हसावंसं वाटत नाही. ताट वाजवल्यावर बाळ रडलं हे त्या बाईने डोळ्यांनी पाहिलेलं होतं, एकदा नाही, वीस-पंचवीसदा. फक्त ती पहिल्या थांब्यावरची बाळं होती. ती टॉवेलने पुसूनही रडली असती. ताटाला त्यांचं श्रेय मिळालं, आणि दुसऱ्या थांब्यावरची बाळं नशिबाच्या खात्यावर गेली. उलटं टांगणं आणि गार पाणी मात्र नुसतं निरुपयोगी नाही, घातकही आहे. ओलं बाळ गार पडायला पाच मिनिटंही लागत नाहीत, आणि गार पडलेल्या बाळाला श्वास आणखी जड जातो.

हवा द्यायची ती कशाने? आपल्याकडे जिला सरसकट ‘अंबू बॅग’ म्हणतात तिने. तिची जन्मकथा महाड-पोलादपूरच्या माणसाने मुद्दाम वाचावी अशी आहे. १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची भीषण साथ आली. श्वासाचे स्नायू लुळे पडलेल्या रुग्णांना जगवण्यासाठी सुमारे १५०० वैद्यकीय विद्यार्थी पाळ्या लावून हाताने पिशव्या दाबत बसले. पण त्या पिशव्या सिलिंडरमधल्या वायूवर फुगत. दोन वर्षांनी डेन्मार्कमध्ये ट्रकचालकांनी संप केला आणि रुग्णालयांना सिलिंडर मिळेनासे झाले. वाहतूक थांबली तर रुग्णाचा श्वास थांबतो, हे हेनिंग रुबेन नावाच्या भूलतज्ज्ञाला सहन होईना. होल्गर हेस्से या अभियंत्याला बरोबर घेऊन त्याने अशी पिशवी बनवली की जी दाबून सोडली की आपोआप फुगते आणि खोलीतली साधी हवा आत ओढून घेते. पहिल्या नमुन्यात सायकलचे स्पोक वापरले होते म्हणतात. १९५६ साली ती बाजारात आली. तिला वीज लागत नाही, सिलिंडर लागत नाही, रस्ता लागत नाही. घाट बंद असेल आणि चार दिवस वीज नसेल, तरी ती चालते.

सिलिंडरचा मुद्दा थोडा लांबवतो, कारण त्याची भीती अजून गेलेली नाही. ‘ऑक्सिजन संपला होता, मग काय करणार’ हे वाक्य मी ऐकलेलं आहे. वर्षानुवर्षं शिकवलंच तसं जात होतं, की गुदमरलेल्या बाळाला शंभर टक्के प्राणवायू हवा. दिल्लीच्या मौलाना आझाद वैद्यकीय महाविद्यालयातले डॉ. सिद्धार्थ रामजी आणि नॉर्वेचे डॉ. ओला सौगस्टाड यांनी या समजुतीला हात घातला. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या छोट्या अभ्यासात ८४ बाळं होती. साध्या हवेवर श्वास दिलेली बाळं शुद्ध प्राणवायूवरच्या बाळांपेक्षा कुठेही मागे पडली नाहीत. पुढे मोठे अभ्यास झाले, आणि २०१०च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी पूर्ण दिवसांच्या बाळाला सुरुवात साध्या हवेनेच करा, असं सांगितलं. सह्याद्रीच्या पायथ्याशी हवेचा तुटवडा कधी पडल्याचं ऐकिवात नाही.

पिशवी कशी वापरायची हे आतल्या पानांवर चित्रांसह आहे, त्यामुळे इथे दोनच गोष्टी. तीन किलोच्या बाळाचा एक श्वास असतो पंधरा-वीस मिलिलिटरचा, म्हणजे चहाचे तीन-चार चमचे. मोठ्या माणसाची पिशवी दीड लिटरची असते. ती बाळाला लावणं म्हणजे फुप्फुस फाडायला बसणं. लहान पिशवीसुद्धा मुठीने नाही, बोटांनी दाबायची. लय ‘दाबा, दोन, तीन, दाबा, दोन, तीन’ अशी, म्हणजे मिनिटाला चाळीस ते साठ श्वास होतात. दुसरी गोष्ट मास्कची. हनुवटी, तोंड आणि नाक झाकलं पाहिजे, डोळे नाही. मान किंचित मागे, खांद्याखाली दुमडलेल्या कापडाची छोटी घडी. बहुतेक वेळा हवा जात नाही ती मास्कच्या कडेने गळते म्हणून, किंवा मान पुढे वाकलेली असते म्हणून. छाती वर येते आहे का, एवढंच पाहायचं. अपगार गुण हवेत म्हणून घड्याळ बघत मिनिटभर थांबणारेही भेटतात. डॉ. व्हर्जिनिया अपगार यांनी १९५०च्या दशकात ती मोजदाद दिली ती बाळाची अवस्था नोंदवण्यासाठी. श्वास द्यायचा की नाही हे त्या मिनिटाच्या आतच ठरायला हवं.

हे काम साध्या बायकांना जमतं का, या शंकेचं उत्तर आपल्याच राज्यात दिलं गेलं आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९०च्या दशकात ३९ गावांमध्ये नवजात बाळाची काळजी घरीच घेण्याचा प्रयोग केला. गावातल्याच, थोडंफार शिकलेल्या बायका ‘आरोग्यदूत’ झाल्या. बाळंतपण घरी, सुईण तिचं काम करणार आणि आरोग्यदूत बाळाकडे बघणार. सुरुवातीला तोंडाने फुंकून श्वास देणं होतं, मग नळी आणि मास्क आला, शेवटी पिशवी आणि मास्क. २००५ साली प्रसिद्ध झालेले आकडे असे : तीव्र गुदमरलेल्या बाळांपैकी आधी शंभरात ३९ दगावत, ते प्रमाण २० वर आलं, गुदमरण्याने होणारे मृत्यू एकूण ६५ टक्क्यांनी घटले. पिशवी-मास्कचा खर्च, वाचलेल्या जिवामागे १३ डॉलर. ते झोपडीतलं, कंदिलाच्या उजेडातलं काम होतं. ज्या काळात तज्ज्ञमंडळी नवजात बाळाला रुग्णालयातच हलवलं पाहिजे म्हणत होती, त्या काळात.

महाड तालुक्यालाही असा धडा नवा नाही. १९७६ साली बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झालेले डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी विंचूदंशाचे रुग्ण रात्र रात्र बसून पाहिले. लाल विंचवाच्या विषाने हृदय थकतं आणि फुप्फुसात पाणी भरतं, हे त्यांनी नोंदवलं. पुढे रक्तदाबावरची प्राझोसीन ही साधी गोळी वेळेत दिली तर रुग्ण वाचतो हे महाडमध्ये राहून जगाला सांगितलं. तेही उत्तर मुंबईला नेण्यात नव्हतं, पहिल्या दवाखान्यात होतं. फरक एवढाच की विंचवाचा रुग्ण काही तासांची मुदत देतो.

तर मग अडतं कुठे? पिशव्या आहेत. २००९ पासून नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली दोन-दोन दिवसांची प्रशिक्षणं होत आली आहेत. प्रसूती होते तिथे वॉर्मर असलेला एक कोपरा बाळासाठी राखून ठेवायचा, असा नियम आहे. माझ्या मते अडतं ते गणितात. समजा, एखाद्या आरोग्य केंद्रात महिन्याला दहा बाळंतपणं होतात. शंभरात पाच, म्हणजे पिशवी लागणारं बाळ दोन महिन्यांतून एकदा. पाळ्यांवर तीन सिस्टर असतील तर प्रत्येकीच्या वाट्याला सहा महिन्यांतून एक. बाळंतपणं महिन्याला तीनच होत असतील तर दीड-दोन वर्षांतून एक. इकडे घडतंय नेमकं हेच. बायका महाडला, माणगावला जातात, चाकरमान्यांच्या घरच्या मुंबईला. वरंध, विन्हेरे, पितळवाडी अशा ठिकाणी येणारी बाळंतपणं कमी होत जाणार. आणि जी येतात त्यांत ‘पुढे जाता आलं नाही’ अशी, पावसातली, रात्रीची, उशिराची जास्त. म्हणजे सगळ्यात कमी सवय असलेल्या हातांकडे सगळ्यात अवघड बाळं. याला पुन्हा एकदा प्रमाणपत्र वाटणं हे उत्तर नाही. उत्तर आहे सराव : बाहुलीवर दर आठवड्याला दहा मिनिटं, पाळी बदलताना, दोघींनी मिळून, घड्याळ लावून. भजनी मंडळाचा पखवाजवालाही सप्ताहाच्या आधी हात बसवून घेतो.

कुणी म्हणेल, पहिलं मिनिट हुकलं तरी आता मोठ्या शहरांत बाळाला थंड ठेवण्याचे उपचार आहेत. आहेत. शरीराचं तापमान ७२ तास ३३-३४ अंशांवर ठेवून मेंदू वाचवण्याचा तो उपचार श्रीमंत देशांत उपयोगी ठरला. पण भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातल्या ४०८ बाळांवर झालेल्या ‘हेलिक्स’ अभ्यासाचे निष्कर्ष २०२१ साली आले : थंड ठेवलेल्या बाळांपैकी ४२ टक्के दगावली, न ठेवलेल्यांपैकी ३१ टक्के. उपाय आपल्या भागात उलटला. हे वाचल्यावर त्या पहिल्या मिनिटाकडे पाहण्याची माझी नजर बदलली. नंतर दुरुस्त करू म्हणायची सोय निदान सध्या तरी आपल्याला नाही.

बाहेरच्या बाकावरच्या मंडळींसाठी पुस्तिकेत चार पानं आहेत, ती लेखकांनी माझ्या आग्रहाखातर घातली. नवव्या महिन्यात आशाताई घरी येतील तेव्हा त्यांना विचारा : तिथे बाळासाठी वेगळी सिस्टर असते का? लहान पिशवी आहे का? खोली गरम ठेवतात का, की बाळंतिणीला घाम येतो म्हणून पंखा गरगरत असतो? दोन सुती, धुतलेली, उन्हात वाळवलेली कापडं बरोबर न्या. एक पुसायला, दुसरं गुंडाळायला. पहिलं भिजतं ते बाजूला टाकायचं असतं, त्यातच बाळ गुंडाळून ठेवायचं नसतं. आणि आत धावपळ सुरू झाली, दार बंद झालं, तर दार ठोठावू नका. त्या वेळी आतल्या दोन हातांना तिसरं काम नको असतं.

शेवटी एक पाहिलेली गोष्ट. कोणता दवाखाना ते सांगत नाही. पिशवी आणि दोन्ही मापांचे मास्क तिथे होते, अगदी नवे, प्लॅस्टिकच्या वेष्टनात. कपाटात. कपाटाला कुलूप होतं, कारण वस्तू डेडस्टॉक रजिस्टरला चढवलेली होती आणि हरवली तर पगारातून भरावी लागेल अशी धास्ती. किल्ली सकाळपाळीच्या सिस्टरकडे, आणि ती घरी गेलेली. त्या दुपारी सुदैवाने कुणाला पिशवी लागली नाही. मी वॉर्मरपासून कपाटापर्यंतची पावलं मोजली, अकरा भरली.

म्हणून या पुस्तिकेच्या वरच्या कोपऱ्यात छापखान्यातूनच एक भोक पाडून घेतलं आहे आणि त्यात सुतळी ओवलेली आहे. वॉर्मरच्या शेजारी, पिशवीच्याच खिळ्याला ती टांगायची आहे. रजिस्टरला चढवू नये.